कळसूबाईचा पाऊस

कळसूबाईची उंची १६४६ मीटर. महाराष्ट्रातले हे सर्वांत उंच शिखर. हिमालयापुढे आकडा किरकोळ आहे, पण पावसाळ्यात या डोंगररांगेचा दरारा पाहावा. अरबी समुद्रावरून आलेले ओले वारे सह्याद्रीला धडकतात, चढता चढता थंड होतात आणि घाटमाथ्यावरच रिते होतात. घाटघर, रतनवाडी, भंडारदरा या पट्ट्यात वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस. त्याच अकोले तालुक्याच्या पूर्वेला तो काहीशे मिलिमीटरवर येतो. तालुका एक, हवामाने दोन!

आम्ही कवी पावसाला पाहुणा म्हणतो. इथे तो चार महिने मुक्काम ठोकतो आणि जाताना घागरही भरून ठेवत नाही. कारण पायाखाली आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा काळा पाषाण. त्यावर मातीचा थर पातळ, उतार तीव्र. पाणी मुरायच्या आत ओढ्याला लागते. प्रवरेतून गेलेले पाणी १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणात साठते आणि कालव्यांनी खालच्या तालुक्यांतल्या उसाला पोचते. वरच्या अनेक वाड्यांतल्या बायका मात्र होळीनंतर हंडे घेऊन झऱ्यामागे हिंडतात. ज्यांच्या कौलांवर एवढा पाऊस कोसळला, त्यांनाच टँकरची वाट पाहावी लागते. हे कोडे भूगोलाने घातले खरे, पण धरण आणि कालवे तर माणसांनीच आखले होते ना?