बाई, जाऊ का?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

१९९६ च्या दहावीतल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मला ‘सॉफ्टवेअरमधलं करिअर’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. आयोजकांची परवानगी घेऊन मी विषय बदलला. आज मी माझ्या मुलाच्या पोटाबद्दल बोलणार आहे. त्यालाही विचारलंय. तो म्हणाला, “सांग, फक्त फोटो दाखवू नकोस.”

तो सहावीत असताना त्याचं पोट दुखायला लागलं. बहुतेक वेळा सकाळी, शाळेच्या तोंडावर. मला वाटलं, शाळा बुडवायची नाटकं. सासूबाईंनी ओवा दिला, डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. पुढे तो रात्री कळ येऊन उठू लागला, दिवसातून पाच-सहा वेळा संडासला जाऊ लागला. सारखं तोंड यायचं. तरी मी परीक्षेचं टेन्शन म्हणत राहिले.

आमच्याकडे दर वाढदिवसाला दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने उंचीची खूण करतात. त्या वर्षीची खूण आधीच्या खुणेपेक्षा जेमतेम एक सेंटीमीटर वर आली. या वयाची मुलं वर्षाला साधारण पाच सेंटीमीटर वाढतात. नाटक करणाऱ्या मुलाची उंची थांबत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मग शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी झाली, त्यात आतड्याला सूज असल्याचं दिसलं. नंतर दुर्बिणीने तपासणी आणि बायोप्सी. आतड्याचा क्षयरोग आणि हा आजार दिसायला फार सारखे असतात, म्हणून आधी काही महिने टीबीची औषधं झाली. त्यांनी फरक पडला नाही, तेव्हा निदान झालं : क्रोन्स डिसीज.

यात शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच पचनमार्गावर उलटते. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो. याचंच भावंड असलेला अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यात होतो. हे आजार संसर्गाने पसरत नाहीत. कायमचे बरे होत नाहीत, पण शांत ठेवता येतात. मुलांच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी : वाढीची वर्षं ठरावीक असतात, म्हणून उशीर महाग पडतो.

त्याचा पहिला उपचार म्हणजे आठ आठवडे फक्त पोषणपेय. दुसरा घास नाही. मध्ये गणपती आले. घरात एकवीस मोदकांचा नैवेद्य आणि हा शेजारी ग्लास घेऊन बसलेला. त्या वर्षी आम्ही मोदक त्याच्या नजरेआड खाल्ले. पण सहाव्या आठवड्यात तो पहिल्यांदा रात्रभर झोपला. पुढे अ‍ॅझाथायोप्रिनच्या गोळ्या आणि ठरावीक दिवसांनी रक्ततपासणी सुरू झाली. एकदा ‘आता बरा आहे की’ म्हणून मीच गोळ्यांत ढिलाई केली आणि आजार उलटला. बरं वाटतंय ते गोळ्यांमुळेच, हे इंजिनिअर असूनही मला अनुभवानेच शिकावं लागलं.

पण सगळ्यात अवघड गोष्ट औषधांची नव्हती. आठवतंय ना, आपण करंगळी वर करून “बाई, जाऊ का?” विचारायचो आणि वर्ग हसायचा? तोही विचारायचा. “मधल्या सुट्टीत जा,” असं उत्तर यायचं. एकदा डबा तसाच परत आला. विचारलं तर म्हणाला, “खाल्लं नाही तर जावं लागत नाही.” जो मुलगा वाढावा म्हणून आम्ही धडपडत होतो, तो वर्गात लाज वाटू नये म्हणून उपाशी राहत होता.

मी डॉक्टरांचं पत्र घेऊन शाळेत गेले. वर्गशिक्षिकांनी ते वाचलं आणि त्याला दाराजवळचा बाक दिला. न विचारता जायचं, न विचारता यायचं. दुसऱ्या दिवशी डबा रिकामा आला.

आपल्यातले कितीतरी जण आज शिक्षक आहेत, काही मुख्याध्यापक आहेत. तुम्हाला एवढंच सांगणं : मूल वारंवार जायला मागत असेल तर आधी जाऊ द्या, मग पालकांना बोलवा. आणि पालकांनो, पोटदुखीबरोबर वजन किंवा उंची थांबली, शौचातून रक्त गेलं, मूल रात्री दुखण्याने उठलं, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. माझ्यासारखं थांबू नका.

तो आता दहावीत आहे. चौकटीवरची खूण माझ्या डोक्याच्या वर गेलीय. या गणपतीत त्याने सात मोदक खाल्ले. मी मोजत होते.