जुनी मॉरिस घ्यावी की न घ्यावी?



वसंतातल्या व्याख्यानाला कोणी मोडकी मोटार हा विषय घ्यावा, याचे काहींना नवल वाटेल. या व्यासपीठाला तत्त्वज्ञानाची आणि अर्थकारणाची सवय. गंज आणि वंगण यांची नाही. पण ज्या प्रश्नात पैसा, मोह आणि जबाबदारी ही तिन्ही एकत्र येतात, त्याला क्षुद्र कसे म्हणावे? प्रश्न साधा आहे. कोणाच्या वाड्यामागे जुनी विलायती मोटार धूळ खात उभी आहे, मालक ती द्यायला राजी आहे. ती घ्यावी का? उदाहरणादाखल आम्ही मॉरिस मायनर ही गाडी घेतो.

ही गाडी १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट येथील प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली. तिचा कल्पक अलेक इसिगोनिस हा स्मर्ना शहरी जन्मलेला. पुढे १९५९ साली आलेली मिनीही त्याचीच. मायनर तयार होत आली तेव्हा ती अरुंद दिसते असे त्याच्या मनाने घेतले. त्याने नमुन्याची गाडी उभी कापून दोन भाग केली, ती चार इंच रुंद करविली, आणि मगच त्याचे समाधान झाले. बोनेटच्या मध्यावरून जाणारी ती सपाट पट्टी ही त्या चार इंचांची खूण होय. डिसेंबर १९६० मध्ये दहा लाखावी मायनर बाहेर पडली; त्यापूर्वी कोणत्याही ब्रिटिश गाडीने हा आकडा गाठला नव्हता. १९७१ साली तिचे उत्पादन थांबले. आपल्याकडे ती 'बेबी हिंदुस्तान' या नावाने नांदली, आणि तिची थोरली बहीण मॉरिस ऑक्सफर्ड हिने अँबॅसिडरच्या रूपाने २०१४ पर्यंत संसार केला. तेव्हा ही पाहुणी परकी नव्हे. मोहाचे मूळ येथेच आहे.

गाडी पाहायला गेलेला गृहस्थ पहिल्याप्रथम बोनेट उघडतो. इंजिन फिरते का, एवढे पाहतो, आणि फिरले की खिशात हात घालतो. आमचे म्हणणे असे की, इंजिनाची चिंता सर्वांत शेवटी करावी. १९५२ नंतरच्या मायनरचे इंजिन ज्या घराण्यातले, त्याच घराण्यातले मिनीचे. त्याचे सुटे भाग विलायतेत आजही नवे बनतात. ते मागविण्यास खर्च येईल, जकात पडेल, पण ते मिळतील. खरी परीक्षा आहे ती पत्र्याची. या गाडीला निराळी चासी नाही. तळ, दारांखालच्या कडा आणि वरचा डोलारा एकत्र जोडून जे होते तोच तिचा सांगाडा. म्हणून तिच्या तळाला लागलेला गंज हा छपराच्या गळतीसारखा नाही. तो घराच्या खांबाला लागलेल्या वाळवीसारखा आहे. १९६१ पासून मद्रासला तयार झालेल्या स्टँडर्ड हेरल्डची गोष्ट वेगळी. तिची चासी स्वतंत्र, आणि अंग तिच्यावर बोल्टांनी बसविलेले. तेथे अंग उतरवून खालची चासी मोकळी करता येते. मायनरला ती सोय नाही. त्यात चार महिने पाऊस झेलणारा आपला मुलूख. ओल धरलेल्या जमिनीवर उभी राहिलेली गाडी खालून खाल्ली जाते आणि वरून रंगाने हसत राहते.

परीक्षा मात्र सोपी आहे. एक लोहचुंबक फडक्यात गुंडाळून अंगावरून फिरवावा. जेथे तो धरत नाही, तेथे पत्रा नसून लांबी भरलेली आहे असे समजावे. चटई उचलून तळाला स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. गाडी जॅकवर उचलून दार लावावे. दार अडू लागले, तर सांगाड्याने दम सोडला आहे. पुढच्या चाकांचे आट्यांचे सांधे वंगणावाचून झिजले असतील, तर चालत्या गाडीचे चाक एकाएकी मुडपते. तेही जाणत्याकडून पाहून घ्यावे.

मग हाताचा प्रश्न. या गाडीचे नटबोल्ट इंचांच्या मापाचे. आजच्या मिस्त्रीच्या मिलिमीटरच्या पान्यांनी त्यांची डोकी गोल होतात. पत्रा ठोकून आकार काढणारा कारागीर आता शोधावा लागतो. पेट्रोलही पालटले आहे. २००० साली त्यातले शिसे गेले, आता त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात, आणि जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. त्या बदलाव्याच लागतात.

कायद्याचेही बोलले पाहिजे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क आहे, आणि ती दहा वर्षे चालते. पण अशी गाडी रोज कचेरीला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे, अशाच कामांसाठी ती रस्त्यावर आणावयाची. तेव्हा ज्याला वाहन हवे आहे, त्याने हा विषय येथेच सोडावा. आणि कागदपत्रांवरचे नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळत नसतील, तर हौशी माणसानेही सोडावा.

आता मुख्य गोष्ट. जुन्या गाड्या गंजाने मरतात हे खरे, पण पुष्कळ गाड्या उत्साहाने मरतात. कोणी एक हौशी गाडी घेतो, दोन रविवारांत ती सगळी खोलतो, नट एका डब्यात, काचा माळ्यावर, आसने पुतण्याच्या खोलीत. मग मुलीचे लग्न निघते, बदली होते, पैसा आटतो. पाच वर्षांनी त्या डब्यातला कोणता नट कोठला, हे कोणालाच सांगता येत नाही. वाड्यामागे उभी असलेली गाडी निदान गाडी होती. आता ती भंगार झाली. म्हणून ती न घेणारा माणूस तिचा वैरी ठरत नाही. ज्याच्याजवळ छपराखालची कोरडी जागा, तीन-चार वर्षांची सवड, ओळखीचा कारागीर आणि किमतीच्या कितीतरी पट खर्च सोसण्याची तयारी आहे, त्याच्यासाठी तो तिला शिल्लक ठेवतो.

आणि ही चारही ज्याच्यापाशी आहेत, त्याने स्वस्त गाडी शोधू नये. चांगल्या पत्र्याची शोधावी, मग इंजिन बंद का असेना. स्वस्त ते महाग, हा अनुभव जुन्या मोटारीइतका रोकडा दुसरीकडे क्वचितच मिळतो. घरात विचारून, खर्च कागदावर मांडून, आणि तो आकडा दुप्पट करून पाहावा. दुप्पट आकडा वाचूनही घरची मंडळी हसतमुख राहिली, तर खुशाल गाडी आणावी. एका माणसाने चार इंचांसाठी जी कापून पुन्हा जोडविली, तिला तेवढाच हट्टी धनी शोभतो.