मन लागेल असे काम



आम्ही गिरणी कामगार. कामात मन का लागतं नि का उडतं, हे आम्हाला पुस्तकाआधी खात्यात कळलं.

मुंबईच्या गिरण्यांत आपल्या लोकांना साचेखाते, म्हणजे विणकामाचे खाते बंद होते. धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढावा लागे. अस्पृश्याच्या उष्ट्याचा विटाळ नको, म्हणून जादा पगाराचे ते खातेच बंद! हाताला कसब आहे का, हे कुणी विचारलंच नाही. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला.

१९३६ साली लाहोरसाठी लिहिलेल्या, पण न झालेल्या भाषणात त्यांनी याचे मूळ दाखवले. जन्माने गळ्यात पडलेल्या कामाचा माणसाला तिटकारा येतो, तो ते टाळू पाहतो. मनच कामात नसेल तर काम चोख होणार कसे?

मात्र नुसती आवडही पुरत नाही. पुरता पगार, मान आणि शिकून वर जायची वाट हवी. त्यासाठी संघटना हवी.

आज पनवेलची आपली मुलं तळोज्याच्या कारखान्यांत, उरणच्या बंदरावर कामाला जातात. "मिळेल ते धर," असं आपण म्हणतो. पोटासाठी धरावंही लागतं. पण आयटीआयचा फॉर्म भरण्याआधी पोराला, पोरीलाही, एकदा विचारा: बाळा, तुझा हात कशात चालतो? हा प्रश्न आपल्या आजोबांना कुणी विचारला नव्हता.

जयभीम!