शनिवारी रात्री नऊनंतर

नमस्कार मंडळी.

हा 'मंडळी' शब्द माझ्यासाठी जरा गमतीचा आहे. आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती घरांत चर्चला मंडळी म्हणतात आणि तिथल्या धर्मगुरूला पाळक. रविवारी आजी 'मंडळीत चाललो' म्हणायची. नोकरीसाठी बेंगळुरूला आले आणि हे शब्द वापरायला माणूसच उरलं नाही. माझ्या चर्चमध्ये इंग्रजी चालतं, कन्नड चालतं, तमिळ चालतं. मराठी बोलणारी मी एकटी. तर या परमुलखात गेली काही वर्षं मी तरुणांच्या रिट्रीटला स्वयंसेवक म्हणून जाते. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार. त्याबद्दल बोलायचंय.

रिट्रीट म्हणजे काय, हे आधी सांगते. शब्दाचा अर्थ माघार. रोजच्या धबडग्यातून दोन पावलं मागे यायचं. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला नावाचा स्पॅनिश सैनिक लढाईत पाय मोडून अंथरुणाला खिळला आणि त्यातून उठला तो वेगळाच माणूस होऊन. त्यानं मनाच्या साधनेचा एक क्रम लिहून काढला, त्याला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. ती मूळ साधना तीस दिवसांची! आपल्याकडे इगतपुरीला लोक विपश्यनेला दहा दिवस जातात, तेही आपल्याला फार वाटतात. आमच्या पोरांना शनिवार-रविवारच मिळतो, तोही सोमवारची असाइनमेंट डोक्यावर घेऊन.

बेंगळुरूत या गोष्टींना चांगली जमीन आहे. इथं १९६७ मध्ये कॅथलिकांचं एक राष्ट्रीय केंद्र सुरू झालं, फादर अमलोरपवदास यांच्या पुढाकारानं. प्रार्थनेला चपला बाहेर काढून यायचं, जमिनीवर बसायचं, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडायचे, मेणबत्तीऐवजी तेलाची समई, आरती, धूप. हे बदल १९६९ मध्ये रोमनं मान्य केले, तेव्हा देशभरातल्या कॅथलिकांमध्ये मोठा वाद झाला. मला मात्र त्यात नवल वाटलं नाही. रेव्हरंड टिळकांनी त्याच्या कितीतरी आधी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं होतं. त्यांचे अभंग म्हणतच आम्ही वाढलो. इथल्या पोरांना मी हे सांगते तेव्हा ती 'अक्का, रिअली?' म्हणून बघतात.

मैत्रिणी मला विचारतात, तिथे नेमकं चालतं काय? आणि जरा आवाज खाली करून, धर्मांतर? कर्नाटकात २०२२ मध्ये धर्मांतरविरोधी कायदा आला, त्यानंतर हा प्रश्न वाढलाय. सरळ उत्तर देते. आमच्याकडे येणारी मुलं चर्चमधल्या घरांतलीच असतात. अठराच्या आतल्यांकडून आईवडिलांच्या सहीचं पत्र घेतो. आणि ख्रिस्ती घरात जन्मलेल्या पोरांना तरी त्यातलं काही पटतं का, हाच आमच्यापुढचा मोठा प्रश्न असतो.

स्वयंसेवकाचं काम अध्यात्माचं कमी आणि हमालीचं जास्त. साठ मुलांची यादी. कुणाला दमा आहे, कुणाचा पंप कुणाजवळ आहे. मोबाइल गोळा करून, नावाची चिठ्ठी लावून स्टीलच्या डब्यात ठेवायचे. व्हाइटफील्डच्या पुढे आमची जागा, शुक्रवारी सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकमधून बस पोचेपर्यंत सांबार दोनदा गरम करावं लागतं. (व्हाइटफील्ड १८८२ मध्ये अँग्लो-इंडियन लोकांच्या शेतीवाडीसाठी वसवलं होतं, आता तिथं काचेच्या इमारती उगवतात.) मुलींच्या डॉर्मिटरीत रात्री मीच झोपते. झोपते म्हणजे पडून राहते.

आता खरा मुद्दा. अशा शिबिरांत शनिवारची रात्र फार महत्त्वाची मानतात. दिवे मंद करतात, गिटार हळू वाजत असतं, एकेक जण पुढे येऊन साक्ष देतो, म्हणजे देवानं आयुष्यात काय केलं ते सांगतो. पोरं रडतात. मग पुढून आवाज येतो, ज्यांना आज निर्णय घ्यायचाय त्यांनी हात वर करा. मला हे कधीच रुचलं नाही. दोन दिवस अपुरी झोप, घरापासून लांब, शेजारचा रडतोय. अशा वेळी अठरा वर्षांचं पोर कशालाही हात वर करेल. त्याला श्रद्धा म्हणायचं की थकवा? प्रभू येशूनं गर्दीला घरी पाठवून दिल्याच्या गोष्टी शुभवर्तमानात आहेत, त्या आमच्या वक्त्यांना क्वचित आठवतात.

अशाच एका रात्री एक मुलगा सभागृहाबाहेर पायरीवर बसलेला दिसला. पुढचं सगळं त्याची परवानगी घेऊन, ओळख बदलून सांगतेय. मी फोनवर नगरला बोलत होते, ते त्यानं ऐकलं. म्हणाला, 'मावशी, तुम्ही मराठी?' दोन दिवस सगळे मला अक्का म्हणत होते, हा एकदम मावशी म्हणाला. बेळगावचा. इथे इंजिनिअरिंगला. आत सगळे इंग्रजीतून मन मोकळं करत होते, त्याला ते जमत नव्हतं.

'पाच विषय राहिलेत ओ मावशी. घरात सांगितलो नाही. पप्पा कर्ज काढून फी भरलेत.'

मग बराच वेळ गप्प. मग म्हणाला, 'सकाळी उठूच नये असं वाटतंय.'

असं वाक्य ऐकलं की आपल्याला झटकन काहीतरी गोड बोलावंसं वाटतं. देव आहे, सगळं ठीक होईल, प्रार्थना करूया. प्रार्थनेवर माझा विश्वास आहे, पण त्या क्षणी ती पुढे केली असती तर त्याचं बोलणं तिथंच थांबलं असतं. प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं की स्पष्ट विचारायचं. विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार येतो, ही समजूत चुकीची आहे. म्हणून मी विचारलं, 'जीव द्यायचा विचार येतो का रे?' त्यानं मान हलवली. कधीपासून, किती वेळा, कुणाला बोललास, तेही विचारलं. आणि 'कुणाला सांगू नका' म्हणाला तेव्हा मी वचन दिलं नाही. म्हटलं, 'चारचौघांत नाही सांगणार. पण हे माझ्या एकटीजवळ ठेवण्यासारखं नाही. एका माणसाला आत्ता सांगूया, तू माझ्याबरोबर ये.'

आमच्या समन्वयकांना उठवलं. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर, मोफत, चोवीस तास. इथल्या निम्हान्सकडेच तिच्या समन्वयाचं काम आहे. फोन लावला. तो पलीकडच्या माणसाशी कन्नडमध्ये घडाघडा बोलला, माझ्याशीही इतका बोलला नव्हता. रात्रभर त्याच्याजवळ कुणी ना कुणी जागं होतं. मग त्याच्या परवानगीनं बेळगावला फोन केला.

रविवारी रात्री त्याचे वडील राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये बसले आणि सोमवारी सकाळी इथे उतरले. पोराच्या खोलीवर जाऊन त्यांनी आधी काय विचारलं असेल? 'जेवलास का?' मार्कांचा विषय दुपारी निघाला. ते रागावले, रडलेही. मंगळवारी दोघं मिळून डॉक्टरांकडे गेले.

हे प्रकरण मी आमच्या बैठकीत मांडलं तेव्हा एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, 'बघा, देवानं त्याला रिट्रीटला आणलं म्हणून वाचला.' असेलही. पण तो सापडला पायरीवर, कार्यक्रमातून उठून गेला म्हणून. आत हात वर करणाऱ्यांत आणखी कुणी तसा असता तर आम्हाला कळलं असतं का? बैठक तासभर तापली. साक्षीची रात्र काढून टाकली तर पोरांना देव भेटणार कधी, असंही कुणी म्हणालं. शेवटी तोडगा निघाला. साक्षी आता शनिवारी सकाळी होतात, उजेडात, नाश्त्यानंतर. हात वर करणं बंद. शनिवारी रात्री नऊनंतर कुठलाही कार्यक्रम नाही, फक्त चहा, बिस्किटं आणि दोन कॅरम बोर्ड. एक प्रशिक्षित समुपदेशक पूर्ण वेळ असतो, आणि नावनोंदणीच्या अर्जात 'तुम्हाला कुठल्या भाषेत बोलायला सोपं जातं' असा रकाना घातलाय. गेल्या खेपेला त्यात अकरा भाषा आल्या. एकानं तुळू लिहिलं होतं. तुळू बोलणारं माणूस शोधताना आमच्या नाकी नऊ आले, शेवटी स्वयंपाकघरातले आचारीच तुळू बोलणारे निघाले.

बेळगावच्या मुलाचे अजून दोन विषय राहिलेत. चर्चला तो फारसा येत नाही. कधीतरी रात्री फोन करतो, आणि आम्ही मराठीत बोलतो.