बसची पायरी

सार्वजनिक बस कुणाची, असे विचारले तर आपण सहज म्हणू, सर्वांची. पण या प्रश्नाचे खरे उत्तर बसची पायरी देते.

जुन्या धाटणीच्या शहरी बसचा तळ जमिनीपासून सुमारे ९०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट उंच असतो. धडधाकट माणूस तेथे क्षणात पोचतो. गुडघे धरलेली आजी किंवा कुबड्या घेतलेला तरुण मात्र खालीच राहतो. चेन्नईत २०२१ मध्ये स्त्रियांना व दिव्यांगांना साध्या बसमधून विनामूल्य प्रवासाची मुभा मिळाली. ती स्तुत्यच, पण ज्याला पायरीच चढवत नाही, त्याला फुकटचे तिकीट काय कामाचे?

दिव्यांगांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या वैष्णवी जयकुमार यांनी हा प्रश्न मद्रास उच्च न्यायालयात नेला. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा पाठीशी होता. ऑगस्ट २०२४ मध्ये चेन्नईत नव्या, खालच्या तळाच्या बसगाड्या धावू लागल्या. त्यांचा तळ ४०० मिलिमीटरांवर. दारात पायऱ्या नाहीत. थांब्यावर गाडी दाराच्या बाजूला किंचित झुकते, आणि चाकाच्या खुर्चीसाठी फळी उघडता येते.

मात्र चालकाने गाडी पदपथापासून दूर, भर रस्त्यात उभी केली, तर ही सारी सोय वाया जाते. म्हणून गाडी घेणाऱ्याइतकीच जबाबदारी थांबा बांधणाऱ्याची, चालकाची आणि दार अडवून उभे राहणाऱ्या आपलीही आहे. उद्या बसमध्ये चढल्यावर एकदा मागे वळून पाहावे: आपल्यामागचा माणूस चढला का?