नववा नंबर, तेरा गुण

मी चाकूरहून बोलतोय. लातूर-नांदेड रस्त्याला माझं गॅरेज आहे. ट्रॅक्टर, मळणी यंत्र, पाण्याची मोटार, जे येईल ते दुरुस्त करतो. पॉडकास्टवाल्यांनी "फॉर्म्युला वनवर बोलाल का?" असं विचारलं तेव्हा मला आधी हसूच आलं. मग मागच्या महिन्यात भाच्याचा फोन आला आणि मी हो म्हणालो. त्या फोनचं शेवटी सांगतो.

आज मला एका गाडीबद्दल बोलायचंय. तिचं नाव व्हीजेएम-०२. फोर्स इंडिया संघाची २००९ सालची गाडी. त्या वर्षी दहा संघ होते, त्यात हिचा नंबर नववा. एकूण गुण तेरा. म्हणजे निकालाच्या तक्त्यावर बघितलं तर विषय संपला. पण तक्ता सगळं सांगत नसतो.

थोडं मागं जाऊ. विजय मल्ल्या यांनी २००७ च्या अखेरीस भागीदारासोबत स्पायकर नावाचा संघ विकत घेतला. त्याच्या आधी तोच संघ मिडलंड होता, त्याच्याही आधी जॉर्डन. घर तेच, पाटी बदलत गेलेली. फेब्रुवारी २००८ मध्ये पहिली गाडी दाखवली ती आपल्या मुंबईत, गेटवे ऑफ इंडियाजवळ. मी तेव्हा डिप्लोमाला होतो. पेपरातला फोटो कापून वहीत चिकटवला. आपली गाडी! आता खरं सांगायचं तर ती बनायची इंग्लंडात, सिल्व्हरस्टोनला. एक ड्रायव्हर इटलीचा, दुसरा जर्मनीचा. आपलं काय होतं? नाव, रंग आणि मालक. पण त्या वयात तेवढं पुरतं.

२००८ च्या अख्ख्या मोसमात अठरा शर्यती झाल्या आणि गुण मिळाला शून्य. मग नोव्हेंबरमध्ये संघानं मोठा निर्णय घेतला. फेरारीचं इंजिन सोडायचं, मर्सिडीजचं घ्यायचं. गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक्स मॅक्लारेनकडून. इंजिन बदललं की काय होतं ते गॅरेजवाल्याला विचारा. माउंटिंग बदलतं, कूलिंगच्या नळ्या बदलतात, मागचा सगळा भाग नव्यानं बसवावा लागतो. त्यातच २००९ ला नियम बदलले. पुढचा पंख रुंद झाला, मागचा अरुंद आणि उंच झाला, गुळगुळीत टायर परत आले. हे सगळं चार महिन्यांच्या आत जमवून १ मार्च २००९ ला गाडी स्पेनमध्ये हेरेझच्या ट्रॅकवर उतरली.

आता या गाडीचा स्वभाव समजून घ्या. शर्यतीच्या गाडीचे पंख विमानाच्या उलट असतात. ते गाडीला उचलत नाहीत, जमिनीवर दाबतात. दाब जास्त असेल तर वळणावर पकड चांगली मिळते. पण तोच पंख सरळ रस्त्यावर वारा अडवतो आणि वेग खातो. आमच्या मळणी यंत्राचं असंच आहे. गव्हाच्या वेगानं ड्रम फिरवून सोयाबीन काढलं तर दाणा फुटून डाळ होते. वेग कमी केला तर दाणा शाबूत राहतो, पण काम रेंगाळतं. दोन्ही एकदम मिळत नाही. पुली बदलायची ती पीक बघून.

व्हीजेएम-०२ सरळ रस्त्याची गाडी निघाली. वाऱ्याला अडथळा कमी आणि मागं मर्सिडीजचं दमदार इंजिन. बारीक, वळणावळणाच्या ट्रॅकवर मात्र ती मागं पडायची. शिवाय नशीबही साथ देईना. चीनमध्ये पावसात एड्रियन सुटिल सहावा होता, सहा फेऱ्या राहिल्या असताना पाण्यावरून घसरून भिंतीला धडकला. जर्मनीत सातव्या जागेवरून सुटला, एका टप्प्यावर दुसरा पळत होता. पिटमधून बाहेर येताच रायकोनेनच्या गाडीशी टक्कर झाली. अकरा शर्यती झाल्या, गुण तसाच शून्य. दोन वर्षांच्या मिळून एकोणतीस.

मग आलं बेल्जियमचं स्पा. सात किलोमीटरचा ट्रॅक, लांबच लांब चढाचा रस्ता. २९ ऑगस्टला, शनिवारी, जिआनकार्लो फिजिकेला सगळ्यात वेगवान ठरला. एक मिनिट ४६.३०८ सेकंद. बरं, टाकी रिकामी ठेवून मारलेली ही बाजी नव्हती. त्या दिवशी त्याच्याहून हलक्या गाड्या मागं होत्या. नवव्या नंबरची गाडी पहिल्या जागेवरून सुटणार होती.

रविवारी आमच्याकडं गणपतीचे दिवस. साडेपाचला शर्यत आणि त्याच वेळी भारनियमन. मंडळाचा जनरेटर होता, मी अध्यक्षाच्या हातापाया पडून मंडपातच टीव्ही लावला. आरतीला आलेली म्हातारी माणसं विचारत होती, "का रे, क्रिकेट नाही का हे?" मी म्हटलं, "नाही काका, आपली गाडी पहिली आहे."

पहिल्याच फेरीत मागं चार गाड्यांचा चुराडा झाला, सेफ्टी कार आली. पाचव्या फेरीला शर्यत पुन्हा सुरू झाली आणि त्या लांब चढावर फेरारीचा किमी रायकोनेन पुढं निघून गेला. का? तर फेरारीकडं केर्स होतं. ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा साठवायची आणि बटण दाबून परत वापरायची. दर फेरीला साडेसहा सेकंदांच्या आसपास ऐंशी हॉर्सपॉवर जादा. पण त्याचं वजन असतं, ते गाडीचा तोल बिघडवतं. फोर्स इंडियानं ते शर्यतीत वापरलंच नाही. ते टाळल्यामुळे गाडी हलकी राहिली, आणि ते नसल्यामुळे पहिली जागा गेली. दोन्ही हिशोब एकाच वहीतले.

पुढच्या जवळजवळ चाळीस फेऱ्या फिजिकेला मागं चिकटून होता. कुठंच सुटला नाही. शेवटी फरक किती? ०.९३९ सेकंद. एक सेकंदसुद्धा नाही. दुसरा नंबर, आठ गुण. तिसाव्या शर्यतीत पहिले गुण. मंडपात मी एकटाच टाळ्या वाजवत होतो.

आठवड्याभरात फिजिकेलाला फेरारीनंच उचललं. दोन आठवड्यांनी मॉन्झाला, तोही सुसाट वेगाचा ट्रॅक, सुटिल दुसऱ्या जागेवरून सुटला आणि चौथा आला. पाच गुण. आठ आणि पाच, तेरा. सतरा शर्यतींतले सगळे गुण या दोनच शर्यतींतले. बाकी पंधरात भोपळा. आता सांगा, ही गाडी चांगली की वाईट? मला तर हा प्रश्नच चुकीचा वाटतो. कुठं चांगली, आणि त्यासाठी तिनं काय सोडलं, हे विचारायला पाहिजे.

पुढं त्या संघाचं काय झालं ते तुम्हाला माहीत असेल. २०१६ आणि २०१७ ला चौथा नंबर काढला. २०१८ मध्ये पैशानं कोलमडला, नवे मालक आले. आज त्याच घरावर ॲस्टन मार्टिनची पाटी आहे. मालक गेले, रंग गेला. काम शिकलेले हात तेवढे राहिले.

आता भाच्याचा फोन. तो इंजिनिअरिंगला आहे. कॉलेजच्या पोरांनी मिळून फॉर्म्युला स्टुडंट प्रकारची छोटी रेसगाडी बनवली, स्पर्धेला नेली. रात्र-रात्र वेल्डिंग केलं, वर्गणी काढली. नंबर आला मधलाच. म्हणाला, "मामा, बस झालं. घरचे विचारतात, कितवा आलास? काय सांगू?" आवाज रडवेला होता. मलाही डिप्लोमाला दोन विषयांत केटी लागली होती, तेव्हा घरात हाच प्रश्न होता. तो कसा टोचतो ते मला ठाऊक आहे.

मी त्याला धीर वगैरे दिला नाही. एवढंच विचारलं, "आठच्या आकड्याच्या फेरीत कशी पळाली?"

थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "त्यात बरी पळाली. सरळ पळवायच्या फेरीत मार खाल्ला."

"मग गिअरचं प्रमाण काय ठेवलं होतं?"

आणि मंडळी, पोरगं पाऊण तास बोलत होतं. चेन, स्प्रॉकेट, वजन, टायरचं तापमान. मी नुसतं हूं हूं करत होतो. फोन ठेवताना म्हणाला, "मामा, दिवाळीत येतो. तुझ्या लेथवर एक स्प्रॉकेट करून बघू."

जुनी वही काढून ठेवली आहे. फोटो पिवळा पडलाय, पण रंग ओळखू येतात. चला, बाहेर ट्रॅक्टर येऊन थांबलाय. नमस्कार.