पोराच्या हाती पुडी देऊ नका



आपल्या नगर जिल्ह्यातलं पोर तंबाखू पहिल्यांदा हातात घेतं, ते पुष्कळदा दुसऱ्यासाठी. घरातलं वडीलधारं माणूस सांगतं, "बाळ, जरा दुकानातून पुडी आण, चुना विसरू नको." पोर धावत जातं. मग मळून द्यायला शिकतं, आणि एक दिवस स्वतःच चिमूट तोंडात टाकतं.

आता तर जागोजागी मावा आला आहे. सुपारी, तंबाखू नि चुना एकत्र घोटून त्याची पुडी बांधतात. चुन्यामुळे तंबाखूतले निकोटीन तोंडातूनच झटकन रक्तात उतरते. तरतरी येते, ती ओसरली की हात पुन्हा खिशाकडे जातो. सुपारीने गालाची आतली मऊ त्वचा ताठर होते आणि तोंड पुरते उघडेनासे होते. तंबाखू आणि सुपारी, दोन्ही कर्करोगाला कारण होतात.

शिक्षकबंधूंनी वर्गात एक साधी परीक्षा घ्यावी. मुलाने आपली तीन बोटे एकावर एक धरून तोंडात घालून पाहावीत. ती जात नसतील, तिखट झोंबत असेल किंवा गालात पांढरा चट्टा दिसत असेल, तर त्याला विनाविलंब दातांच्या डॉक्टरांकडे न्यावे.

२००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकणे, दोन्ही गुन्हा आहे. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली. पण बापच पोराला पुडी आणायला धाडतो, तिथं एकटा कायदा काय करील?

याचे उत्तर पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीने दिले आहे. अण्णा हजारे १९७५ साली सैन्यातून गावी परतले. गावातल्या दारूभट्ट्या बंद झाल्या. पुढे होळीच्या दिवशी तरुणांनी दुकानांतल्या विड्या, सिगारेटी, तंबाखू गोळा करून होळीत टाकल्या आणि गावाने त्यांची विक्री थांबवली. दुकानातच पुडी नाही, मग पोराला धाडणार कुठं?

मंडळी, तुमच्या गावाने असा ठराव ग्रामसभेत करावा. तो होईपर्यंत एवढं तर आजपासून करा : स्वतःची पुडी पोराकडून मागवू नका. आणि सुटावी असं वाटत असेल, तर १८००-११-२३५६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. बापाने सोडलेली पुडी मुलाला दहा व्याख्यानांपेक्षा अधिक शिकवून जाते.